प्रश्नचिन्हानंतरचं सगळं

माझ्या मुलीला शाळेत मराठी शिकवणाऱ्या टीचर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मुलगीही शिकून नोकरीला बंगळुरूला गेली. तरी मी त्यांना अजून टीचरच म्हणते. त्या वटारला राहतात, मी नायगावला एका टॉवरच्या अकराव्या मजल्यावर. वसईच्या बाजारात गाठ पडली की त्या आधी माझ्या पिशवीत डोकावतात. "ही केळी विकत घेतलीस? मला सांगायचं की." त्यांच्या घरामागच्या वाडीत केळीच केळी.

अशाच एकदा भेटल्या तेव्हा केळ्यांबद्दल काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "तू कॉम्प्युटरचं काम करतेस ना? माझं एक काम आहे. घरी ये."

माझं काम म्हणजे याद्या साफ करणं. ऑफिसात जुनी माहिती येते, तिच्यात एकच माणूस तीनदा असतो, गावाचं नाव चार तऱ्हेने लिहिलेलं असतं. ते सारखं करायचं, दुबार असेल ते काढायचं. आधी हे सगळं हाताने करायचे. मग ऑफिसने आम्हाला कोडिंगचा एक छोटा कोर्स करायला लावला. पंचेचाळिशीत शिकलेली विद्या, त्यामुळे मला तिचं फार कौतुक होतं. पाच-सहा ओळी लिहायच्या, बटण दाबायचं, की दिवसभराचं काम चहा निवायच्या आत होतं. टीचरचं काम मी हो म्हणून घेतलं ते त्या कौतुकापोटीच.

दुसऱ्या शनिवारी लॅपटॉप घेऊन मी वटारला गेले. टीचरचं लग्न झालेलं नाही, त्या आणि त्यांच्या थोरल्या वहिनी दोघीच घरात असतात. वहिनींचं वय ऐंशीच्या पुढे, दिसायला जवळजवळ बंद झालेलं. त्या ओसरीवर बसलेल्या होत्या. "कोन आलं?" त्यांनी विचारलं. टीचर त्यांना त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या, त्यातलं मला फक्त 'नायगाव' कळलं.

काम असं होतं. टीचर त्यांच्या बोलीतले शब्द गोळा करत होत्या. नुसते लिहून नव्हे. त्यांचं म्हणणं, लिहिलेला शब्द मुका असतो, तो ऐकू यायला हवा. गावातल्या लोकांनी लग्नांचे, सणांचे, चर्चच्या अंगणातल्या नाटकांचे व्हिडिओ वेगवेगळ्या साइटवर टाकून ठेवले होते. टीचर ते बघत बसायच्या. एखाद्या बाईच्या तोंडून जुना शब्द आला की तो फोनमधल्या वहीत लिहायच्या आणि पुढे त्या व्हिडिओची लिंक चिकटवायच्या. दोन वर्षांत चारशेच्या वर ओळी झाल्या होत्या. आता चर्चच्या हॉलमध्ये बोलीवर एक कार्यक्रम होणार होता, तिथे त्यांना ही यादी नीट मांडून लावायची होती.

"कुठली लिंक कुठल्या साइटची ते मला वेगळं करून दे," त्या म्हणाल्या. "आणि दोनदा आलेलं असेल ते काढ. मला आता आठवत नाही काय घेतलं आणि काय नाही."

"दहा मिनिटांचं काम आहे, टीचर."

त्यांनी फोनमधली ती लांबलचक वही तिथल्या तिथे माझ्या लॅपटॉपवर पाठवली. मी केळीचा एक घड स्कूटरच्या पायाशी ठेवून परत आले.

रविवारी सकाळी बसले. वेबचा पत्ता तोडायला शिकवलेलं होतं. पहिल्यांदा येते पद्धत, ते एचटीटीपीएस, म्हणजे कोणत्या मार्गाने जायचं ते. मग साइटचं नाव. मग तिरक्या रेघा देत देत आतला रस्ता. मग प्रश्नचिन्ह, आणि त्याच्यापुढे त्या पानाला द्यायच्या सूचना. शेवटी कधीकधी चौकटीसारखं चिन्ह, आणि त्याच्यापुढे पानावरची नेमकी जागा. हे तोडून देणारं कोड आयतं मिळतं, आपण फक्त पत्ता त्याच्या हातात द्यायचा.

दिला. साइटच्या नावाचा रकाना निम्म्या ओळींना रिकामा आला.

मी परत चालवलं. परत रिकामा. पत्ते डोळ्यांनी बघितले तर साइटचं नाव ढळढळीत समोर दिसत होतं. मला दिसतं ते याला का दिसू नये? तासभर मी स्वयंपाकघर आणि टेबल अशा फेऱ्या मारल्या. नवऱ्याने विचारलं, "दहा मिनिटं झाली का?" शेवटी कळलं की टीचरनी निम्म्या पत्त्यांच्या सुरुवातीची पद्धत आणि दोन तिरक्या रेघा गाळून टाकल्या होत्या. त्या नसल्या की कोड अख्ख्या पत्त्याला आतला रस्ता समजतं. चूक म्हणत नाही, ओरडत नाही. रिकामा रकाना देऊन गप्प बसतं. मी प्रत्येक पत्त्याला सुरुवात जोडली आणि पुढे गेले.

पुढे टक्क्यांची चिन्हं लागली. काही पत्त्यांचा आतला रस्ता म्हणजे नुसतं टक्का, ई, शून्य, टक्का, ए, चार, असं चार-चार ओळी चाललेलं. मला वाटलं फाइल बिघडली. टीचरना फोन केला.

"तुमच्या फाइलला काहीतरी झालंय."

"काय झालंय? मी आत्ता उघडलं, उघडतंय."

"उघडतंय?"

"हो. लग्नाच्या गाण्यांचं पान आहे."

ते पान मीही उघडलं. मराठी अक्षरं होती ती. पत्त्यात मराठी आलं की त्याचं असं टक्क्यांत रूपांतर होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा माझं लक्ष नव्हतं. ते उलटं करायचं कोडही आयतंच होतं. ते चालवल्यावर त्या रांगेतून 'लग्नगीते' असा साधा शब्द बाहेर आला, तेव्हा बरं वाटायच्या ऐवजी मी आणखीच गोंधळले. आता यातला कुठला पत्ता खरा मानायचा? दोन्हींनी तेच पान उघडत होतं.

आणि मग प्रश्नचिन्ह. ऑफिसात आम्हाला सवय अशी की प्रश्नचिन्हाच्या पुढचं कापायचं. तिथे बहुतेक कचरा असतो, लिंक कुठून आली, कोणी पाठवली, कुठल्या जाहिरातीवरून आलात. मी सरळ कापलं आणि सारखे पत्ते एकदाच ठेवले. चारशे ओळींच्या सत्तर झाल्या. मोठ्या व्हिडिओ साइटच्या सगळ्या लिंका मिळून एकच लिंक उरली होती, कारण त्या साइटवर व्हिडिओचा नंबर प्रश्नचिन्हाच्या पुढेच असतो. ही चूक मला लगेच दिसली, मी स्वतःशीच हसलेसुद्धा. नंबर ठेवला, त्याच्या पुढचं कापलं. आता एकशे ऐंशीच्या आसपास ओळी उरल्या. हे पटण्यासारखं वाटलं. दुबार तर असणारच, टीचरनीच सांगितलं होतं.

कापलेल्यात काय होतं ते मी पाहिलं होतं, हे मला कबूल केलं पाहिजे. टी हे अक्षर, बरोबरचं चिन्ह आणि एक आकडा, असं पुष्कळ ठिकाणी होतं. काही आकड्यांना मराठी शब्द चिकटले होते. सातशे चोपन्न, आणि त्याला लागूनच मधे जागा न सोडता काहीतरी लिहिलेलं. मला वाटलं टाइप करताना बोट लागलं असेल.

स्वच्छ फाइल मी जुन्या फाइलच्याच नावाने ठेवली. ऑफिसात जुनं आपोआप कुठेतरी जपलेलं असतं. घरच्या लॅपटॉपवर तसं काही नसतं, हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही. नवी यादी टीचरना पाठवली आणि फोनवर म्हटलं, "आता ती जुनी वही काढून टाका. दोन ठेवल्यात तर घोळ होईल."

त्यांचा फोन तसाही भरलेला होता. त्यांनी काढून टाकली. शिस्तीच्या बाई.

चार दिवसांनी मी ऑफिसात असताना त्यांचा फोन आला.

"अगं, बायका कुठे गेल्या?"

"कुठल्या बायका?"

"लग्नाच्या व्हिडिओतल्या. मी सात लावल्या होत्या, एकच आहे. आणि तीसुद्धा बोलत नाही, बँडच वाजतोय."

मला काही कळेना. मी म्हटलं, "टीचर, तो व्हिडिओ एकच आहे. तुम्ही सातदा घेतला होता. दुबार काढायचं म्हणालात ना, म्हणून सहा काढले."



"मी शब्द म्हणाले होते," टीचर म्हणाल्या. "तोच शब्द दोनदा आला असेल तर काढ. व्हिडिओ नव्हे."

"पण ते... बरं. पण बँड का वाजतोय?"

"तेच तर मी तुला विचारतेय. मी त्या बाईवर थांबवून ठेवलं होतं."

"थांबवून म्हणजे?"

"थांबवून म्हणजे थांबवून. ती बोलते तिथे थांबवायचं आणि मग लिंक घ्यायची. खाली एक टिकमार्क असतो, इथून सुरू करा म्हणून. तुला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. म्हणजे टी बरोबर सातशे चोपन्न म्हणजे सातशे चोपन्नावा सेकंद. दोन तासांच्या लग्नातला एक क्षण, जिथे कोणी बाई एक शब्द बोलते. असे दोनशेच्या वर क्षण मी कचरा म्हणून कापले होते, आणि त्यांच्याबरोबर ते शब्दही गेले होते, कारण प्रत्येक व्हिडिओची मी पहिली ओळ तेवढी ठेवली होती.

"जुनी वही आहे ना तुमच्याकडे?" मी विचारलं. मीच काढायला सांगितली होती हे त्या क्षणी खरंच आठवलं नाही.

"तूच म्हणालीस..." टीचर म्हणाल्या आणि वाक्य अर्धं सोडलं.

मी लॅपटॉप पालथा घातला. पुसलेलं परत आणणारी दोन साधनं उतरवून घेतली. एकाने मला तीन वर्षांपूर्वीच्या सुट्टीतले फोटो परत आणून दिले. यादी नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी वटारला गेले. जाताना वाटेत दोनदा स्कूटर थांबवली, काही काम नसताना. टीचर रागावतील अशी मी तयारी केली होती. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी कागद-पेन्सिल पुढे ठेवली आणि वर्गात म्हणायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "मला हा पत्ता काय असतो ते समजावून सांग. सगळे भाग."

मी एक लिंक कागदावर लिहिली आणि उभ्या रेघांनी तोडली. पद्धत, साइट, रस्ता, सूचना. त्यांनी टीवर बोट ठेवलं.

"हा पत्त्याचा भाग आहे की नाही?"

"आहे. म्हणजे... पान तेच राहतं. सुरुवात बदलते."

"मग पत्ता तोच की वेगळा?"

"तोच. नाही, वेगळा. तसं बघितलं तर वेगळाच."

"आणि हा दुसरा कापलास तो?"

"तो कचराच होता. लिंक कुठल्या फोनवरून घेतली वगैरे."

"मग कचरा कुठला आणि कामाचा कुठला हे कसं ओळखतात?"

कोर्समध्ये भाग तोडायला शिकवलं होतं. कुठला भाग कशाचा, हे ती साइट ठरवते. एका साइटवर टी म्हणजे वेळ, दुसरीवर आणखी काही असेल. नियम असेल, मला सापडला नाही असं मी टीचरना म्हटलं. मी अजून अधूनमधून शोधते.

"ठीक आहे," टीचर म्हणाल्या. "व्हिडिओ तर आहेत ना? लाव पहिल्यापासून."

आम्ही ओसरीवरच लॅपटॉप मांडला. दोन तासांचं लग्न पहिल्यापासून लावलं. बँड संपायला दहा मिनिटं लागली. मांडवात बायका गाणी म्हणत होत्या, मधेच बोलत होत्या, एकमेकींना हाका मारत होत्या. टीचर चष्मा लावून पडद्याकडे बघत होत्या, आणि मी वही घेऊन. माझा काही उपयोग नव्हता. ती बोली माझ्या कानावरून पाण्यासारखी निघून जायची. मी साताऱ्याकडची, इथे वीस वर्षं राहूनही मला बाजारापुरतीच भाषा येते.

पहिला शब्द पकडला तो वहिनींनी. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, झोपल्यात असं आम्हाला वाटलं होतं. एकदम हात वर केला.

"थांब, थांब. मागे ने."

मी मागे नेलं. पडद्यावर एक पाठमोरी बाई कोणाला तरी काहीतरी म्हणत होती. वहिनी तोच शब्द पुन्हा म्हणाल्या आणि हसू लागल्या. टीचरनी मला तो लिहून दिला. विहिरीचं पाणी काढताना दोर हातातून सुटतो, त्याला तो शब्द होता.

"हा माझ्या यादीत होता का?" टीचर स्वतःलाच विचारत होत्या. "होता बहुतेक. की नव्हता?"

"पानी काढनारा कोनी राहिला नाय, शब्द कशाला राहील," वहिनी माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या. माझ्यासाठी त्यांनी ते जरा सोपं करून म्हटलं असावं.

त्यानंतर मी सहा की सात शनिवार-रविवार गेले. नवी यादी तयार होत गेली, पण ती जुनीसारखी होतेय की नाही हे कोणालाच सांगता येत नव्हतं. टीचरना एखादा शब्द आठवायचा, तो कुठल्या व्हिडिओत होता ते आठवायचं नाही. वहिनींना भलतेच शब्द सापडायचे, जे टीचरना दोन वर्षांत ऐकू आले नव्हते. एका शब्दावरून दोघींचं भांडणही झालं. वहिनी म्हणत होत्या तो शिवी आहे, टीचर म्हणत होत्या लाडाने म्हणतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही लिहिलं.

एक व्हिडिओ मात्र उघडेना. काळा पडदा, आणि हा व्हिडिओ आता उपलब्ध नाही असं वाक्य. भुईगावच्या कोणाच्या तरी घरातला होता, कोणी टाकला, कोणी काढला, पत्ता नाही. माझ्या साफ केलेल्या यादीत त्याची एकच ओळ उरली होती.

"याच्यात किती होते?" मी विचारलं.

"पाच. सहा असतील," टीचर म्हणाल्या. "माझी आत्या होती त्यात. मागे बसलेली, दिसत नव्हती. नुसता आवाज."

मग मला ते पुन्हा आठवलं. आकड्यांना चिकटलेले मराठी शब्द. इतके दिवस मी ते सांगितलं नव्हतं, कारण बोट लागलेलं नव्हतं हे मला आता कळत होतं आणि सांगायची लाज वाटत होती.

"टीचर, तुम्ही लिंकच्या शेवटी काही लिहीत होता का? मधे जागा न सोडता?"

"हो, खूण म्हणून. कोण बोलतंय ते. जागा सोडली की फोन आपोआप दुसरंच काहीतरी करायचा."

"मी पाहिलं होतं ते. एकात 'आत्या' होतं. एकात 'भांडण' असं काहीतरी. आणि एकात 'हसते ती'."

"हसते ती?"

"हसते ती. तेवढंच."

टीचर विचार करत बसल्या. "कोण हसते?"

त्यांनी वहिनींना विचारलं, वहिनींनी तीन-चार नावं घेतली, त्यातल्या दोघी कुठल्याच व्हिडिओत नव्हत्या. टीचरनी वहीच्या मागच्या पानावर 'हसते ती' असं लिहून ठेवलं आणि पुढे काहीच लिहिलं नाही.

नवं कोड मी पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. या वेळी ते पत्ता तोडतं आणि काहीच टाकत नाही. कळलं नाही ते सगळं शेवटच्या 'उरलेलं' नावाच्या रकान्यात जातं. टीचरनी छापलेला कागद हातात घेऊन विचारलं, "एवढे रिकामे रकाने कशाला?" मी म्हटलं, असू देत. ओसरीवर केलेल्या यादीच्या मूळ फाइलला हात न लावता साफ केलेली वेगळ्या नावाने ठेवली, आणि एक प्रत त्यांच्या मेलवर, एक माझ्या मुलीकडे पाठवली. मुलीने विचारलं हे काय आहे. तिला सांगायला घेतलं तर मला तासभर लागला.

कार्यक्रम हॉलमध्ये झाला. प्रत्येक शब्दाचा एक कागद आणि त्याखाली फोन धरायचा काळा-पांढरा चौकोन, तो मी लिंकवरून तयार केला होता. लोकांनी फोन धरले आणि एकदम सगळीकडून बायका बोलायला लागल्या. दहा मिनिटांत हॉलमध्ये एवढा कालवा झाला की कोणालाच काही ऐकू येईना. टीचर 'आवाज कमी करा' म्हणत फिरत होत्या. वहिनींना पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं, त्यांच्याभोवती माणसं जमली होती आणि त्या शब्द स्वतःच म्हणून दाखवत होत्या, मोठ्याने.

एक बाई माझ्याकडे फोन घेऊन आली. "याच्यात नुसता बँड वाजतोय," ती म्हणाली.

मी लिंक बघितली. टी होता, सातशे पन्नास हा आकडा होता, सगळे भाग जागच्या जागी. शेजारच्या माणसाच्या फोनवर तोच चौकोन धरून बघितला, तिथे बरोबर त्या बाईपासून सुरू झालं. परत तिच्या फोनवर धरला. बँड. फोन बंद करून चालू केला. बँडच. पलीकडून टीचर माझ्याकडे बघत होत्या.

"साडेबारा मिनिटांवर न्या," मी तिला म्हटलं. "खालची रेघ बोटाने सरकवा. अजून. थोडं मागे."

तिने सरकवलं, फोन कानाशी धरला आणि हसली. काय ऐकलं ते मी तिला विचारणार होते, तेवढ्यात तिच्या मागे आणखी दोघी फोन घेऊन उभ्या राहिल्या.